रुग्णालयातील साथीचे पाठभेद

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्याचे नाव रोज वर्तमानपत्रांत येऊ लागले. कोविडची लाट ओसरली असे सर्वजण धरून चालले होते, आणि नेमके तेव्हाच अमरावती, अकोला, यवतमाळ या भागात रुग्ण भराभर वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. याच सुमारास अमरावती काय नि तिवसा काय, साध्या गप्पांतही एक अवघड शब्द ऐकू येऊ लागला. तो शब्द म्हणजे ‘जिनोम सिक्वेन्सिंग’, मराठीत जनुकीय क्रमनिर्धारण.

आपल्याकडचे काही नमुने पुण्याला तपासले गेले. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमध्ये आढळलेले विषाणूचे प्रकार त्यांत नाहीत, असे राज्य शासनाने सांगितले. पुढे २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल दिसत आहेत. हे बदल बी.१.६१७ नावाच्या कुळाचे होते. त्याच कुळाच्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले.

दुसरी लाट ऐन भरात असताना आणखी एक संकट आले. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्यूकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’, होऊ लागली. कोणाच्या नाकात व डोळ्यांच्या खोबणीत, तर कोणाच्या फुप्फुसात. मग नातेवाईक विचारू लागले, ‘ही बुरशी आली कुठून? ऑक्सिजनच्या नळीतून? पाण्याच्या बाटलीतून? की शेजारच्या खाटेवरून?’ प्रश्न रास्त होता. एकाच रुग्णालयात बुरशीजन्य रोगाचे अनेक रुग्ण निघाले, तर ती बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, एखाद्या वस्तूतून सर्वांना मिळाली, की प्रत्येकाने ती आपापल्या वाटेने आणली, हे ठरवायचे कसे? विषाणूच्या बाबतीत जी पद्धत वापरली गेली तीच येथेही कामी येते. ती कशी, आणि ती काय सांगू शकत नाही, हे या लेखात पाहू या.

नकलकाराच्या चुका

आमच्याच जिल्ह्यातील, मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर सर्वांना ठाऊक आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथे. छपाई नव्हती त्या काळात असे ग्रंथ हाताने उतरवले जात. उतरवताना चुका होतच. एखादे अक्षर बदले, एखादी ओळ गळे. त्या प्रतीवरून पुढची प्रत करणारा जुनी चूक तशीच उतरवी, आणि स्वतःची एखादी नवी चूक तीत घाली. यांनाच आपण पाठभेद म्हणतो.

आता तीन पोथ्या समोर आहेत असे समजा. दोघींत एकाच ठिकाणी एकच ओळ गळलेली आहे, तिसरीत ती ओळ शाबूत आहे. मग पहिल्या दोन पोथ्यांचे नाते जवळचे, असे संशोधक म्हणतो. दोन नकलकारांनी स्वतंत्रपणे तीच चूक करणे अशक्य नसले तरी दुर्मिळ असते. अशा सामाईक चुका जितक्या जास्त, तितके नाते पक्के. पोथ्यांची वंशावळ याच तत्त्वावर रचली जाते.

जीवाणू, विषाणू आणि बुरशी हेसुद्धा नकलकारच आहेत. बुरशीच्या पेशीतील डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. आपण त्या अक्षरांना अ, ट, ग, क म्हणू. पेशीचे विभाजन होताना या मजकुराची नक्कल होते, आणि फार क्वचित एखादे अक्षर चुकते. ही चूक पुढच्या पिढ्यांत उतरत जाते. म्हणून दोन रुग्णांच्या फुप्फुसांतील बुरशीचा मजकूर वाचून एकमेकांशेजारी ठेवला, की त्यांचे नाते कळू लागते.

पोथी केवढी, हेही ध्यानात घ्यावे. कोविडच्या विषाणूचा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे (तो डीएनएऐवजी आरएनएमध्ये लिहिलेला असतो). ज्या बुरशीबद्दल आपण पुढे बोलणार आहोत, तिचा मजकूर सुमारे ८४ लाख अक्षरांचा. आपल्या स्वतःच्या पेशींतला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. बुरशीची पोथी विषाणूपेक्षा कितीतरी जाड, म्हणून वाचायला वेळ आणि खर्च जास्त. पण पोथी जाड असल्यामुळे खुणा सापडायला जागाही जास्त.

प्राणी समजली गेलेली बुरशी

फुप्फुसातील बुरशीजन्य न्यूमोनियाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे न्यूमोसिस्टिस. हिचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांना ती गिनीपिगच्या फुप्फुसात दिसली. त्यांना वाटले, आपण ज्या एकपेशीय परजीवीचा अभ्यास करतो आहोत, त्याचीच ही एक अवस्था असावी. हा जीव वेगळा आहे, हे १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्पष्ट झाले. तरी तो एकपेशीय प्राणी आहे ही समजूत पुढे कितीतरी दशके टिकली. १९५० च्या आसपास युरोपातील अशक्त व अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये जो न्यूमोनिया पसरत होता त्याच्याशी या जिवाचा संबंध आहे, हे प्राग येथील ओटो यिरोवेत्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९८१ साली लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना हाच दुर्मिळ न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. एड्स या रोगाची जगाला मिळालेली ती पहिली सूचना होती.

१९८८ साली संशोधकांनी या जिवाच्या रायबोसोममधील आरएनएचा अक्षरक्रम वाचला आणि इतर जिवांच्या क्रमांशी ताडून पाहिला. तो बुरशींच्या रांगेत जाऊन बसला. सूक्ष्मदर्शकाने पाऊणशे वर्षे जे सांगितले नव्हते, ते अक्षरांनी सांगितले. माणसात आढळणाऱ्या जातीला आता ओटो यिरोवेत्स यांच्या नावावरून ‘न्यूमोसिस्टिस यिरोवेसी’ म्हणतात.

मात्र ही बुरशी चारचौघींसारखी नाही. बहुतेक बुरशींच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आणि नेहमीची बरीच बुरशीनाशक औषधे त्याच्यावरच घाव घालतात. न्यूमोसिस्टिसमध्ये तो नसतो, म्हणून ती औषधे येथे लागू पडत नाहीत. लागू पडते ते को-ट्रायमोक्साझोल, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही मिळणारे जुने व स्वस्त औषध.

निरोगी माणसाला या बुरशीचा त्रास होत नाही. बहुतेकांचा तिच्याशी लहानपणीच संबंध येऊन गेलेला असतो. धोका असतो तो प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. एचआयव्हीबाधित, कर्करोगावर उपचार घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांत येतात. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात, म्हणजे असे रुग्ण आता आपल्या गावांतही आहेत. नवे मूत्रपिंड शरीराने परके म्हणून नाकारू नये यासाठी त्यांना प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबणारी औषधे घ्यावी लागतात. अशा माणसाला कोरडा खोकला, ताप आणि वाढती धाप लागली, तर डॉक्टरांच्या मनात न्यूमोसिस्टिसची शंका येते.

लायडनची २२ माणसे

पूर्वी असे मानत की लहानपणी शरीरात शिरलेली ही बुरशी फुप्फुसात दबून राहते आणि प्रतिकारशक्ती घटली की डोके वर काढते. हे खरे असेल, तर प्रत्येक रुग्णाची बुरशी त्याची स्वतःची, जुनी, आणि म्हणून दुसऱ्या रुग्णापेक्षा वेगळी निघायला हवी. रुग्णालयात ‘साथ’ येण्याचा प्रश्नच उरत नाही.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या रुग्णालयात मार्च २००५ ते फेब्रुवारी २००६ या काळात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या २२ रुग्णांना हा न्यूमोनिया झाला. एरवी तेथे हा रोग तुरळक आढळे. हे रुग्ण एका वॉर्डात शेजारी शेजारी झोपलेले नव्हते. ते बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी येऊन जात.

अशा वेळी तपास कसा होतो? नळी घालून फुप्फुसात थोडे मिठाचे पाणी सोडतात आणि ते परत ओढून घेतात. त्या पाण्यात बुरशीच्या पेशी येतात, पण रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्याहून कितीतरी जास्त असतात. इतर बऱ्याच बुरशी प्रयोगशाळेतील बशीत वाढवून शुद्ध करता येतात, न्यूमोसिस्टिस मात्र अशी वाढत नाही. म्हणून पूर्ण पोथी वाचण्याऐवजी, ज्या ठिकाणी पाठभेद हमखास आढळतात अशा एक-दोन किंवा चार-पाच जागा निवडतात. पीसीआर पद्धतीने तेवढ्याच मजकुराच्या असंख्य प्रती काढतात. हाच तो पीसीआर, जो कोविडच्या चाचणीमुळे घरोघरी माहीत झाला. मग त्या प्रती यंत्राने वाचून रुग्णांचे मजकूर ताडून पाहतात.

लायडनमध्ये ज्या रुग्णांचे नमुने वाचता आले, त्यांतील बहुतेकांत बुरशीचा एकच प्रकार निघाला. एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. रुग्ण रुग्णालयात कोणकोणत्या तारखांना आले, कोणाच्या भेटी कोणाबरोबर जुळल्या, याचा तक्ता त्यांनी केला. रुग्ण एकमेकांच्या सहवासात येऊन गेल्याचे त्यातून दिसत होते. तरीही २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच एक प्रश्नचिन्ह आहे. माणसाकडून माणसाकडे प्रसार, की सर्वांना मिळालेला परिसरातील एकच स्रोत? त्यांनी दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या.

जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान इत्यादी देशांतील प्रत्यारोपण केंद्रांतही अशाच साथी आल्या आणि तेथेही रुग्णांच्या बुरशीत सारखेपणा आढळला. जुन्या ‘दबून बसलेल्या’ बुरशीची कल्पना त्यामुळे मागे पडली. ताजा संसर्ग होतो आणि तो हवेतून होऊ शकतो, हे आता मान्य झाले आहे. व्यवहारातला फरक मोठा आहे. प्रत्यारोपणानंतर सुरुवातीचे काही महिने को-ट्रायमोक्साझोल देऊन रोग टाळता येतो. न्यूमोसिस्टिसचा रुग्ण आणि प्रत्यारोपणाचा रुग्ण एकाच खोलीत ठेवू नयेत, हा नियमही यातूनच आला.

काखेतला थर्मामीटर

स्रोत माणूसच असतो असे नाही. कँडिडा ऑरिस या बुरशीचे उदाहरण घेऊ. ही प्रामुख्याने त्वचेवर राहते व रक्तात शिरते, न्यूमोनियाची ही बुरशी नव्हे. पण रुग्णालयातील तपासासाठी तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात ती प्रथम ओळखली गेली. २००९ ते २०११ या काळात दिल्लीतील दोन रुग्णालयांत १२ रुग्णांना तिचा संसर्ग झाला. त्या सर्वांची बुरशी एकमेकींशी जुळत होती, पण जपान व कोरियातील बुरशीपेक्षा वेगळी होती. म्हणजे ती तिकडून आलेली नव्हती.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांत ही बुरशी सापडली. त्यांतील ६६ जण मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात राहून गेलेले होते. स्वच्छतेचे अनेक उपाय केले, साथ हटेना. शेवटी नोंदी चाळताना दिसले की काखेत लावायचे, पुन्हा पुन्हा वापरले जाणारे तापमापक ज्यांना लावले, त्यांना धोका अधिक होता. त्या तापमापकांवर बुरशी सापडली. तिचा मजकूर रुग्णांतील बुरशीच्याच कुळातला निघाला. ते तापमापक वापरातून काढले, आणि साथ आटोक्यात आली. येथे संशय नोंदवहीने दाखवला आणि खात्री अक्षरांनी दिली.

वर्गात करून पाहण्यासारखे

पुढील चार ओळी फळ्यावर लिहाव्यात. चार रुग्णांतील बुरशीच्या मजकुराचा हा बारा अक्षरांचा कल्पित तुकडा आहे.

पहिला: क ग ट अ अ ग क ट ग अ ट क
दुसरा: क ग ट अ ग ग क ट ग अ ट क
तिसरा: क ग ट अ ग ग क ट ग क ट क
चौथा: अ ग क अ अ ट क ग ग अ ट अ

विद्यार्थ्यांनी प्रत्येक जोडीतील फरक मोजावेत. पहिल्या-दुसऱ्यात १, दुसऱ्या-तिसऱ्यात १, पहिल्या-तिसऱ्यात २. चौथ्याचे पहिल्याशी ५, दुसऱ्याशी ६ आणि तिसऱ्याशी ७. पहिले तिघे एका कुटुंबातले, चौथा परका, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. चौथ्याने बुरशी दुसरीकडून आणली आहे.

आता खरा प्रश्न विचारावा. रोग कोणाकडून कोणाकडे गेला? बहुतेक मुले म्हणतील, पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पण तिसऱ्यापासून उलट दिशेने पहिल्यापर्यंत गेला, असे मानले तरी हेच आकडे येतात. दुसऱ्याकडून पहिल्याला आणि तिसऱ्याला वेगवेगळा गेला, तरीही हेच. तिघांनाही तो तपासल्या न गेलेल्या एखाद्या चौकटीबाहेरच्या रुग्णाकडून किंवा वस्तूकडून मिळाला असेल, तरी आकडे बदलत नाहीत. अक्षरांना बाण नसतो. बाण काढायचा तर कोण कधी आले, कोणाला ताप कधी आला, कोण कोणाजवळ बसले होते, हे माहीत हवे. शिक्षकांनी यानंतर तारखांची एक कल्पित नोंदवही द्यावी आणि कोणती शक्यता उरते ते मुलांना ठरवू द्यावे.

या खेळातून पद्धतीच्या मर्यादाही कळतात. फरक मोठा असेल तर ‘यांचा संबंध नाही’ असे बऱ्याच ठामपणे म्हणता येते. फरक नसेल तर ‘संबंध असू शकतो’ एवढेच. एखादा प्रकार त्या गावात मुळातच सर्वत्र असेल, तर दोन अनोळखी माणसांतही तोच सापडेल. म्हणून साथीबाहेरच्या, त्याच भागातील इतर रुग्णांचे नमुनेही तुलनेला घ्यावे लागतात. शिवाय एकाच रुग्णाच्या फुप्फुसात न्यूमोसिस्टिसचे दोन-तीन प्रकार एकत्र नांदू शकतात. मग दोन पोथ्यांची पाने मिसळावीत तसा घोटाळा होतो.

पुन्हा आपल्याकडे

आता २०२१ च्या काळ्या बुरशीकडे वळू. रुग्ण एकदम वाढले म्हणजे स्रोत एकच असला पाहिजे, असे मन म्हणते. पण या बुरशींचे बीजाणू मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर आणि हवेत सर्वत्र असतात. रुग्ण एका रुग्णालयात नव्हे, देशभरातील असंख्य रुग्णालयांत आणि घरी गेल्यावरही आढळले. महाराष्ट्र आणि गुजरात येथे त्यांची संख्या सर्वाधिक होती. त्यांच्यातील सामाईक गोष्ट होती ती अनेकांना असलेला मधुमेह, आणि कोविडमध्ये दिलेली स्टेरॉइड औषधे. साखर वाढलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली असली, की रोजच श्वासात जाणारा बीजाणूही घात करतो. म्हणजे बियाणे एका पिशवीतले नसून जमीन सर्वांची सारखी झाली होती. तरीही एखाद्या विशिष्ट रुग्णालयात, एखाद्या विशिष्ट आठवड्यात रुग्णांचा पुंजका दिसला, तर तेथील नळी, चादर, पाणी तपासून अक्षरे जुळवून पाहणे हाच योग्य मार्ग आहे. अंदाजाने दोष देणे आणि अंदाजानेच दोषमुक्त करणे, दोन्ही रुग्णाच्या जिवावर बेततात. खरा स्रोत तसाच राहतो, किंवा चालता विभाग विनाकारण बंद होतो.

अमरावतीच्या फेब्रुवारी २०२१ च्या साथीबद्दलही हेच. थोड्या नमुन्यांत काही बदल दिसले, त्या दिवशी ‘रुग्ण यामुळेच वाढले’ असे म्हणता येत नव्हते. राष्ट्रीय विषाणू संस्थेने नोव्हेंबर २०२० च्या अखेरीपासून मार्च २०२१ पर्यंतचे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील नमुने वाचले, तेव्हा बी.१.६१७ कूळ वरचढ होत गेल्याचे दिसले. त्यासाठी अनेक जिल्हे, अनेक आठवडे आणि प्रत्येक नमुन्यासोबत नीट लिहिलेली तारीख व गाव लागले.

त्या दिवसांत ‘तुझ्यामुळे रोग आला’ असे म्हणून माणसांना वाळीत टाकल्याचे प्रसंग आपण सर्वांनी पाहिले. क्रमनिर्धारणाचा उपयोग त्यासाठी नाही. तो वाट शोधण्यासाठी आहे, म्हणजे ती बंद करता येते. लायडनमध्ये शोध प्रसाराच्या वाटेचा होता, ऑक्सफर्डमध्ये तो तापमापकापर्यंत पोहोचला. दोन्हीकडे महागडे यंत्र लागले, हे खरे. पण कोणता रुग्ण कोणत्या तारखेला आला, कोणत्या खाटेवर होता आणि त्याला काय लावले, हे रोजच्या रोज लिहून ठेवणारी परिचारिका नसती तर यंत्राने वाचलेल्या अक्षरांचा अर्थ लागला नसता. ही नोंद तिवसा येथील ग्रामीण रुग्णालयातही ठेवता येते, आणि नोंद कशी ठेवावी हे शाळेत शिकवता येते.